मागितले अठ्ठावन्न, दिले त्रेपन्न

प्रिय अण्णा,

तोन्याला आत्ताच एअरपोर्टवर सोडून आले. आई वर भांडी आवरतेय आणि मी खाली बेसमेंटमध्ये तुमच्या स्टुलावर बसले आहे. समोर तुमचं रॅकेट गटिंगचं, म्हणजे रॅकेटीच्या तारा ताणून बसवायचं मशीन, बाजूला तुमची निळी वही. वहीत तोन्याची या वर्षीची ओळ लिहायची आहे. पण ती लिहिण्याआधी मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्हाला जाऊन पाच महिने झाले. या पाच महिन्यांत मी तुमच्यासाठी पुष्कळ रडले, भांडले मात्र एकदाही नाही. कोणाशी भांडणार? फोटोशी? फोटोत तर तुम्ही असे हसताय, जसं काही तुम्ही काही केलंच नाही! म्हणून हे पत्र.

आधी मुद्द्याचं सांगून टाकते. तुम्ही सात वर्षं त्या पोरीपासून जे लपवलंत, ते मी तिला सांगितलं.

चिडलात? चिडा. मीही चिडलेली आहे.

तुम्हाला आठवतं का, कपड्यांची फॅक्टरी बंद पडली आणि तुम्ही रिटायर झालात, तेव्हा दोन महिने घरात नुसते येरझाऱ्या घालत होतात? आई म्हणायची, यांना काहीतरी दुरुस्त करायला द्या, नाहीतर हे मला दुरुस्त करतील. मग टेनिस क्लबातल्या कोणाचं तरी जुनं मशीन तुम्ही घरी आणलंत. पहिली रॅकेट चढवलीत आणि खुशीत ओरडलात, "अगं शैला, हे उभे, हे आडवे. ताणा आणि बाणा! हा तर आमच्या घरचा धंदा!" इचलकरंजीत आजोबांचे माग, तुम्ही मागांची मशिनं दुरुस्त करता करता विनिपेगला पोचलेले, आणि म्हातारपणी परत ताण्यावरच आलात. वर्षभरात क्लबातले सगळे तुमच्याकडे रॅकेटी द्यायला लागले. जुलैतली बायकांची स्पर्धा आली की क्लबाच्या शेडमध्ये तुमचं टेबल ठरलेलं.

आणि त्याच स्पर्धेमुळे तोन्या आपल्या घरात आली. बक्षिसाची रक्कम एवढीशी, हॉटेल परवडत नाही, म्हणून क्लब खेळाडूंना गावातल्या घरांमध्ये उतरवतो. आईने फॉर्म भरताना 'शाकाहारी घर' असं ठळक लिहिलं होतं. तरीही एक रशियन मुलगी आली. अठरा वर्षांची, व्होल्गाकाठच्या गावची, उंच, हाडकुळी, पाठीवर स्वतःएवढी बॅग. दारातच तिने चपला काढल्या. आईने तिथेच पास केलं तिला.

पहिल्या जेवणाला ती वरण-भाताकडे बघत बसली होती. तुम्ही इंग्रजीत सांगितलंत, "तोन्या, धिस इज फ्युएल." ती खाली मान घालून तीन वेळा वाढून घेऊन जेवली. नंतर तिच्या दोन रॅकेटी तुमच्या हातात दिल्या. म्हणाली, "फिफ्टी-एट. ऑल्वेज फिफ्टी-एट." तारा अठ्ठावन्न पौंडांवर ताणायच्या. तिच्या पहिल्या कोचने सांगितलेला आकडा. बारा वर्षांची असल्यापासून तोच. तुम्ही मान डोलावलीत. किती निरागस दिसत होतात, अण्णा!

पुढची वर्षं तुम्ही तिची कारकीर्द जगलात असं म्हटलं तर काही खोटं होणार नाही. ती कुठल्या देशात, कुठल्या मैदानावर खेळते आहे, याचं वेळापत्रक फ्रिजवर. सकाळी चहाचा कप घेऊन कॉम्प्युटरसमोर, स्कोअर बदलेपर्यंत ते पान परत परत उघडत. आई म्हणायची, "पोटच्या पोरीच्या परीक्षेला एवढे जागे राहिला नव्हतात." ती साडेतीनशेव्या नंबरवरून दीडशेवर आली, मग एका वसंतात पहिल्या शंभरात शिरली, तेव्हा तुम्ही ग्रोसरीच्या दुकानात गल्ल्यावरच्या मुलीलाही सांगितलंत. मोठ्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत ती हरली तरी तुम्हाला पेढे हवेच होते. "हरली कोणाकडून ते बघ की!" म्हणे.

दर जुलैला ती मात्र येतच राहिली. नंबर वर गेल्यावर आपल्यासारख्या लहान स्पर्धेत खेळायची तिला गरज नव्हती. कोच तिला रागवायचा. ती म्हणायची, "इन विनिपेग माय शोल्डर इज नॉट हर्टिंग." खरंच, इथे तिचा खांदा दुखायचा नाही. इथून गेल्यावरही एखादा आठवडा बरा जायचा. मग दुसरीकडे कोणीतरी नव्या तारा घालून द्यायचं आणि दुखणं परत सुरू. कोणी म्हणायचं हवा कोरडी आहे. कोणी म्हणायचं इथे तिला दडपण नसतं. आईचं मत ठाम होतं, हा तुपाचा गुण आहे. आम्ही सगळे हसायचो, तुम्हीही हसायचात.

तुम्हाला माहीत होतं. आणि तुम्ही हसत होतात!

मग तिच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. सात महिने रॅकेट हातात नाही, नंबर पार घसरला. त्या जुलैत ती आली तेव्हा बॅग तुम्ही उचललीत. आणि तिने इथली स्पर्धा जिंकली. ट्रॉफी घेऊन ती शेडमध्ये धावत आली, तुमच्या गळ्यात पडली आणि तुमचा चष्मा तारांच्या गुंडाळ्यांत जाऊन पडला. तुम्ही डोळे पुसलेत. मला वाटलं, आनंदाने. आता मला तितकीशी खात्री नाही.

फेब्रुवारीत काय झालं ते तुम्हाला काय सांगू? मला काय माहीत होतं ते सांगते. जानेवारीत तुमची हार्टची तपासणी झाली. मी विचारलं, रिपोर्ट काय? तुम्ही म्हणालात, "नॉर्मल." मी विचारलं, हॅलिफॅक्सला आठवडाभर ट्रेनिंग आहे, जाऊ का? म्हणालात, "जा की. मला काय धाड भरलीय?" मी गेले. चौथ्या दिवशी आईचा फोन आला.

तो रिपोर्ट नंतर सापडला, बर्फ हटवायच्या स्नोब्लोअरच्या वॉरंटीच्या कागदांत. हृदयाचं पंपिंग पस्तीस टक्के, हवं साठच्या आसपास. माझ्यासाठी नॉर्मल, कागदावर पस्तीस. आणि औषधं? पोटची मुलगी फार्मसिस्ट, आणि तुम्ही उणे तीस डिग्रीत बस बदलून दुसऱ्या फार्मसीतून गोळ्या आणत होतात! मला कळू नये म्हणून! अण्णा, मी परक्या माणसांना दिवसभर सांगत असते, ही जेवणाआधी, ही जेवणानंतर, ही विसरू नका. एका माणसाला सांगायचं राहून गेलं.

तर या जुलैत तोन्या आली. पंचवीस वर्षांची. तुमच्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली, मग आईला धरून रडली. रात्रीच्या जेवणाला तिने सांगून टाकलं, हा शेवटचा उन्हाळा. गावच्या शाळेत मुलांना शिकवायची नोकरी मिळते आहे. खांदा साथ देत नाही. "हियर आय विल सी. इफ हियर ऑल्सो हर्टिंग, देन फिनिश."

मग म्हणाली, रॅकेटी तू कर. ताण तोच, अण्णांचा.

मी केल्या. तुम्हीच तर रविवारी बसवून शिकवलंय. चार रॅकेटी, प्रामाणिकपणे, अठ्ठावन्न पौंडांवर. काटा नेमका अठ्ठावन्नवर होता. तुमच्या मशीनवर, तुमच्या स्टुलावर, तुमच्यासारखं केलं म्हणून मला केवढा अभिमान!

पहिली मॅच ती कशीबशी जिंकली. तिसऱ्या सेटमध्ये तिची सर्व्हिस म्हणजे नुसता चेंडू पलीकडे ढकलणं होतं. घरी आली, खांद्यावर बर्फाची पिशवी बांधून सोफ्यावर बसली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "हियर ऑल्सो हर्टिंग. सो, फिनिश." तिने कोचला फोन लावला. रशियन मला येत नाही, पण निरोप घेण्याचा स्वर कुठल्याही भाषेत कळतो. आई स्वयंपाकघरात तूप कढवत होती, म्हणाली, "या वेळी तूप विकतचं आणलं गं मी, त्यानेच झालं असेल." बिचारी खरंच रडकुंडीला आली होती.

मी खाली आले. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं, गाठ चुकली असेल, तार चुकली असेल. म्हणून तुमची वही उघडली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच. प्रत्येक रॅकेटची एक ओळ, तुमच्या त्या कोरीव देवनागरी आकड्यांत. तोन्याच्या पानावर दोन रकाने. मा. आणि दि. मला जरा वेळ लागला. मागितले आणि दिले.

मा. ५८, दि. ५७. पुढच्या उन्हाळ्यात मा. ५८, दि. ५६. मग ५५. मग ५४. पाचव्या उन्हाळ्यापासून ५३, शेवटपर्यंत. आणि पहिल्याच वर्षाच्या समासात बारीक अक्षरात लिहिलेलं, 'सर्व्हिस झाल्यावर खांदा चोळते. कोणी बघत नाही ना हे पाहून चोळते. तार सैल पाहिजे. सांगितलं तर ऐकणार नाही.'

तार जेवढी कडक, तेवढा हाताला हिसका जास्त. हे तुम्हीच मला शिकवलंत. मग तिला का नाही शिकवलंत?

दर वर्षी एकेक पौंड! कळू नये म्हणून इतकं हळू! प्रत्येक मशीनचा अठ्ठावन्न थोडा वेगळाच लागतो असं सगळे खेळाडू म्हणतात, त्यामुळे तिला संशयही आला नाही. मला आधी हसूच आलं, खोटं कशाला बोलू? मला माझी पहिली गाडी आठवली. बर्फात माझी गाडी कधी घसरायची नाही, मी मैत्रिणींना ऐकवायची, मला विंटर ड्रायव्हिंगचा हातच आहे. चार वर्षांनी गाडी विकताना डिकीतला गालिचा उचलला तर खाली वाळूची तीन पोती, नीट सपाट करून शिवलेली. मागची चाकं दबून राहावीत म्हणून. माझा कसला हात? तुमची वाळू! तेव्हा मी तुम्हाला मिठी मारली होती.

पण वही हातात घेऊन बसले होते तेव्हा हसू हळूहळू आटलं. अण्णा, तुम्ही तिला आठवडाभर त्रेपन्न दिलेत. उरलेले आठवडे ती जगभर फिरून दुसऱ्या माणसांकडून अठ्ठावन्नच मागत राहिली. कारण तिचा समज होता की तिला अठ्ठावन्नच मानवतं. विनिपेगमध्ये नाही का दुखत? मग ताण बरोबरच असणार! तुम्ही तिचा एक आठवडा वाचवलात आणि बाकीचं वर्ष सोडून दिलंत. ऑपरेशन टळलं असतं का? मला माहीत नाही. कोणालाच कळणार नाही. पण तिला निवडता तर आलं असतं!

वर येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "मग दे की गुपचूप त्रेपन्न. त्यांनी दिलंच ना इतकी वर्षं? पोरीला कशाला सांगायचं आणि? त्यांच्याबद्दल मन कडू होईल तिचं."

निशा डायनिंग टेबलवर ड्रायव्हिंगच्या लेखी परीक्षेचं पुस्तक घेऊन बसली होती. तुमची लाडकी नात, सोळा वर्षांची. मान वर न करता म्हणाली, "दॅट्स सो मेस्ड अप, मॉम. इट्स हर आर्म."

"तू मध्ये बोलू नको," आई म्हणाली.

मी आईचंच ऐकणार होते. खरं सांगते. खाली गेले, काटा त्रेपन्नवर आणला, पहिली तार ओढलीसुद्धा. किती सोपं होतं! उद्या तिचा खांदा दुखला नसता, ती खेळत राहिली असती, तुपाची अब्रू राहिली असती आणि तुमचीही. दुसरी तार ओढताना मला तुमचा आवाज ऐकू आला. "नॉर्मल." त्याच सहजतेने म्हटलेला. मी तार सोडून दिली.

वही घेऊन तिच्यासमोर बसले. आकडे वाचून दाखवले. तुमचा समासातला शेरा इंग्रजी करून सांगितला. तिने वही स्वतःकडे ओढली. मग विचारलं, "सेव्हन इयर्स?"

"हो."

"ही वॉज लायिंग टू मी सेव्हन इयर्स?"

मी म्हटलं, हो. दुसरा शब्द होता का माझ्याकडे? तिने बर्फाची पिशवी जमिनीवर आपटली. रशियनमध्ये काय काय बोलली ते तुम्हाला न कळलेलंच बरं. मग इंग्रजीत म्हणाली, मला सगळे बाळासारखं वागवतात, कोच, डॉक्टर, फेडरेशनवाले, एक हा म्हातारा माझ्याशी माणसासारखा बोलायचा असं वाटलं होतं मला. दार आपटून ती निघून गेली. आई वाकून सांडलेला बर्फ गोळा करायला लागली. अण्णा, त्या तासाभरात मी तुमचा किती राग केला म्हणून सांगू! आणि तुमची किती आठवण काढली!

ती परत आली तेव्हा उजेड होता अजून, आपला जुलैतला लांबलचक उजेड. चपला काढल्या, खाली बेसमेंटमध्ये आली, त्या अर्धवट रॅकेटकडे बघितलं.

"हाऊ मच धिस?"

"त्रेपन्न."

तिने विचार केला. "नो. फिफ्टी-टू. बिकॉज आय से." आणि मग समोर पेटीवर बसली, चारही रॅकेटी होईपर्यंत हलली नाही. प्रत्येक वेळी काटा स्वतः वाकून बघितला. मध्येच म्हणाली, समासातलं ते परत वाच. मी वाचलं. कोणी बघत नाही ना हे पाहून चोळते. ती म्हणाली, "ही वॉज लुकिंग." आणि नाक ओढलं.

दुसऱ्या दिवशी जिंकली. तिसऱ्या दिवशी हरली. हो, हरली, उगाच पेढ्यांची वाट बघू नका. चेंडू दोन-चारदा लाइनच्या बाहेर गेले, नव्या ताणाला हात बसायला वेळ लागणारच. पण तीन सेट ती पूर्ण जोराने सर्व्हिस करत होती, आणि मॅच संपल्यावर तिने खांदा चोळला नाही. मी बघत होते. कोणी बघत नाही ना, असं तिने पाहिलंही नाही. नेटवरून थेट माझ्याकडे आली आणि म्हणाली, "स्टुपिड फोरहँड. शोल्डर गुड."

शाळेतल्या नोकरीला तिने एक वर्ष थांबायला सांगितलंय. कोचशी फोनवर कडकडून भांडली. आता पुढच्या आठवड्यात व्हँकूवरकडची स्पर्धा, मग पात्रता फेऱ्या, जिथे मिळेल तिथे. पंचवीस म्हणजे काही म्हातारी नाही, असं आईने तिला मराठीत सुनावलंय.

जाताना तिने एक मागितलं. प्रत्येक रॅकेटच्या दांड्यावर ताणाचा आकडा लिहून दे. मी इंग्रजीत लिहिला, म्हणजे कुठल्याही देशातल्या गटिंगवाल्याला कळेल. तर म्हणाली, खाली त्याच्या आकड्यांतही लिही. मी विचारलं, का गं? म्हणाली, "बिकॉज आय अ‍ॅम स्टिल अँग्री. अँड बिकॉज आय मिस हिम." तर तुमचा देवनागरी बावन्न आता चार रॅकेटींवर बसून विमानात आहे.

आता माझं. तुमच्यानंतर डॉक्टरांनी मलाही तपासणी करायला सांगितली होती. मी चार महिने टाळत होते. परवा करून आले. पंपिंग पंचेचाळीस टक्के. फार वाईट नाही, चांगलंही नाही. गोळ्या सुरू होतील. घरी येताना गाडीत माझ्या तोंडावर तुमचाच शब्द आला होता, अगदी तयार. निशाने दारातच विचारलं, "सो? व्हॉट डिड दे से?"

मी म्हटलं, "फॉर्टी-फाइव्ह." ती घाबरली. रडली. मग तिने गुगल करून मला तेरा प्रश्न विचारले आणि माझ्या गोळ्यांची वेळ तिच्या फोनमध्ये घातली. रात्री मला तिच्याजवळ झोपावं लागलं. पण तिला माहीत आहे, अण्णा. तुम्ही आम्हाला एक रात्र तुमच्याजवळ झोपू दिलं असतंत तर काय बिघडलं असतं?

तुम्हाला माफ केलं का? थोडं केलं, थोडं राहिलंय. बाकीचं करीन सावकाश, मला घाई नाही. समासातला तो शेरा मात्र मी दहा वेळा तरी वाचला असेन. इतकं बारकाईने कोणीतरी आपल्याकडे बघावं आणि तेच आपल्याला सांगूही नये! मला तुमचा फार राग येतो, आणि तुमच्यासारखं बघणारं मला दुसरं कोणी भेटलेलं नाही.

तर हे माझं वचन. मशीन बंद पडू देणार नाही. क्लबाच्या शेडमधलं तुमचं टेबल पुढच्या जुलैपासून माझं. माणसांकडे तुमच्यासारखंच बघेन, खांदे, मनगटं, तोंडं, सगळं. पण दिसलं ते तोंडावर सांगेन, मग ते ऐकोत वा न ऐकोत. वहीत तोन्याची ओळ आत्ता लिहिली: मा. ५२, दि. ५२. यापुढे या वहीत दोन्ही रकान्यांत एकच आकडा असेल.

आणि निशाचं लायसन्स हिवाळ्याच्या आत होईल. तिच्या गाडीच्या डिकीत वाळूची तीन पोती ठेवणार आहे. पोत्याचं एक टोक मी धरीन, दुसरं तिला धरायला लावीन.

तुमचीच,
शैला